काठावरची बहीण

मंडळी, आज नमन आटोपतं घेतलं, कारण प्रश्न मोठा आहे. प्रश्न असा — एका माणसानं दुसऱ्याची चाल उचलली. पोटासाठी नाही हां, देवासाठी! देवापुढे गायली, अख्खा गाव रडवला. मग ती भक्ती झाली की चोरी?

पुढे बसलेले आजोबा म्हणतात, भक्ती! बरं. आजोबा, तुमच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा कुणी देवाच्या नैवेद्याला म्हणून तोडून नेल्या तर? — बघा, बघा, आजोबांचा चेहराच बदलला! आता चोरी! तेव्हा निकाल नंतर लावा. आधी ऐका.

खाडीच्या काठाला दिघवली नावाचं गाव. एका टोकाला मुरलीधराचं देऊळ, दुसऱ्या टोकाला इस्रायल आळी. दचकू नका! विमानातून उतरलेले नव्हेत ते. आपल्या कोकणातले बेने इस्रायल. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. बोलणं मराठी, भांडणं मराठी, आडनावं आपल्यासारखी गावावरून पडलेली. देव मात्र निराकार, आणि देवळाच्या जागी सिनेगॉग.

त्या आळीत शलोम आष्टमकर मास्तर राहायचे. आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि सणावाराला सिनेगॉगच्या अंगणात कीर्तन करायचे. हो हो, कीर्तन! पेटी, तबला, झांज, साकी, दिंडी, ओवी — काही म्हणता काही कमी नाही. आख्यान तेवढं मोशेचं. काय झालं? तुम्हाला वाटलं, कीर्तन ही आपल्याच घरची जहागीर? मलाही वाटायचं. चाळीशी उलटेपर्यंत वाटायचं! अडाणी माणूस, कोण सांगणार?

आता हा मोशे कोण? मिसर देशात फारो नावाचा राजा होता. कंसाचा मावसभाऊ समजा! त्यानं हुकूम काढला — या लोकांचा मुलगा जन्मला की नदीत बुडवा. तेव्हा एका आईनं काय केलं? लव्हाळ्याची टोपली विणली, डांबरानं लिंपली, तान्ह्याला आत निजवलं आणि टोपली नील नदीत सोडली. आणि बाळाचं काय होतंय हे बघायला त्याची थोरली बहीण, मिर्याम, काठावर लपून उभी राहिली. त्या जागेवर मास्तरांनी स्वतः एक पाळणा रचला होता —

हळू वाहा गं नीलमाई, टोपलीत मोशे निजे,
काठावरती बहीण उभी, पदर पाण्यात भिजे.

मास्तरांच्या मागे झांजेला असायचा हिराजी घरत. आगरी घरातला, विशीतला. मास्तरांनी त्याला जात विचारली नाही, ताल विचारला. पाच वर्षं तो त्यांच्या मागे उभा राहिला. उभं कसं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, लोक जांभया द्यायला लागले की काय करायचं — सगळं तिथं शिकला. मास्तर गेले, तेव्हा हिराजी पोटच्या मुलाहून जास्त रडला.

आणि त्याच वर्षी मुरलीधराच्या देवळात गोकुळाष्टमीला त्याचं पहिलं कीर्तन लागलं! जन्माची वेळ झाली. पाळणा हलला. हिराजीनं स्वतः रचलेलं पद काढलं, तर लोक आपसात गप्पा मारतायत! एक बाई शेजारणीला वाटाण्याचा भाव विचारतेय! हिराजीला घाम फुटला. आणि घाम फुटलेल्या माणसाच्या तोंडून काय निघालं?

हळू वाहा गं यमुनामाई, टोपलीत कान्हा निजे...

दोनच शब्द बदलले, मंडळी. दोनच! चाल तीच, ताल तोच. देऊळ गप्प झालं. बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. कीर्तन संपल्यावर कुणीतरी पाया पडून विचारलं, "बुवा, हा पाळणा कुणाचा हो?"

बुवा! काल झांजेला उभा असलेला पोरगा आज बुवा! त्या एका शब्दानं घात केला. हिराजी म्हणाला, "पहाटे मुरलीधर स्वप्नात आला. त्यानं दिला."

बिचारा मुरलीधर! त्याच्या नावावर माणसं काय काय खपवतात!

पंचेचाळीस वर्षं गेली. 'हिराजीबुवांचा पाळणा' पंचक्रोशीत गाजला. घराघरातल्या बारशाला तोच. आणि इस्रायल आळी? एकेक दार बंद होत गेलं. माणसं समुद्रापलीकडे गेली. राहिली एकटी मिल्काबाई, मास्तरांची लेक. दर अष्टमीला देवळाबाहेर बकुळीखाली उभी राहून पाळणा ऐकायची आणि घरी जायची. कधी एक शब्द बोलली नाही. का नाही बोलली? शेजारणीला म्हणायची, "बाबांचं गाणं अख्खं गाव म्हणतंय. आणखी काय हवं गं?"

एवढं मोठं मन! आणि आपण? असो.

मग गावात आली वारसा नोंदणी. देवकुळेबाई नावाच्या बाई गाडी घेऊन आल्या. जिल्ह्यातलं जुनं संगीत शोधायचं, रेकॉर्ड करायचं, यादीत घालायचं. देवळाचा पाळणा त्यांनी ऐकला, खूश झाल्या. मग कागद चाळून म्हणाल्या, अल्पसंख्याकांचाही एक रकाना आहे, तो भरायचा राहिलाय. गेल्या मिल्काबाईकडे.

"आजी, तुमच्याकडे हिब्रूतलं काही आहे का? जुनं, वेगळं असं?"

"प्रार्थना आहेत. पण गाणं म्हणशील तर आमचं मराठीतच गं," मिल्काबाई म्हणाली आणि बापाचा पाळणा गायला लागली.

दोन ओळी झाल्या आणि देवकुळेबाईंनी यंत्र बंद केलं. "अहो आजी, हा तर देवळातला पाळणा! तुमच्या लोकांनी कान्हा काढून मोशे घातला वाटतं?" आणि वहीत लिहिलं — मूळ मंदिर परंपरेतील, बेने इस्रायलांकडून अनुकरण.

ऐकलंत? ज्याच्या घरातून वस्तू गेली, त्याच्याच नावावर चोरी! बाई वाईट नव्हत्या हो. मूळ कुठलं आणि उसनं कुठलं, हे त्यांनी विचारलंच नाही. जे मोठ्यांकडे आहे ते मूळ, जे थोड्यांकडे आहे ते उसनं — असं त्यांना कुणी शिकवलं? आपणच!

इतकी वर्षं गप्प बसलेली मिल्काबाई त्या दुपारी हिराजीच्या दारात उभी राहिली. बुवा ओट्यावर सुपारी कातरत होते.

"या मिल्काताई, बसा. चहा टाकायला सांगतो."

"बसायला नाही आले, हिराज्या." आता गावात त्यांना हिराज्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. "माझ्या बापाला आज सरकारी वहीत नक्कल करणारा लिहिलं."

बुवांच्या हातातला अडकित्ता थांबला. "कुणी?"

"तुझ्या पाळण्यानं."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. ती म्हणाली, "तू गायलास त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मुरलीधराला झोप लागत असेल त्या चालीनं, तर लागू दे. पण पुढच्या महिन्यात मुलगा मला न्यायला येतोय. मी गेले की इथं बाबांच्या बाजूनं बोलायला कोण? रविवारी ती बाई देवळात पक्कं रेकॉर्डिंग करायला येणार आहे. तेव्हा सांगशील?"

आणि बुवा काय म्हणाले असतील? म्हणाले, "बघतो."

बघतो! आपल्या भाषेत याहून लबाड शब्द नाही! मुलीच्या बापाला आपण म्हणतो बघतो. नोकरी मागायला आलेल्याला म्हणतो बघतो. बघत मात्र कुणीच नाही!

मिल्काबाई चप्पल पायात सरकवून निघून गेली. संध्याकाळी देवस्थानचे अध्यक्ष बाळारामशेट थळे आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. गावच ते! म्हणाले, "बुवा, म्हातारी जाणार तिकडं. आपल्याला इथं राहायचंय. पाळणा यादीत लागला की देवळाला सभागृह मिळेल, तुमच्या नावाची पाटी लागेल. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्यांनी मला शिकवलं, शेट."

"शिकवलं ना? मग विद्या तुमची झाली!"

कसा बिनतोड मुद्दा! बुवांनी मान हलवली. मंडळी, खरं सांगतो, त्यांनी ठरवलं होतं गप्प बसायचं. माझ्या आख्यानातला माणूस आहे म्हणून मी त्याला रंग लावणार नाही.

रविवार उजाडला. देऊळ भरलं. बाहेर बकुळीखाली मिल्काबाई उभी. बुवा गायले. देवकुळेबाईंनी विचारलं, "रचना कुणाची?" बुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "स्वप्नात... मुरलीधरानं..."

खाली बसलेल्यांनी जयजयकार केला. बाईंनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून सहज म्हणाल्या, "बुवा, एक कळलं नाही. काठावर ही बहीण कोण?"

झाली पंचाईत! बाळारामशेट म्हणाले, "सुभद्रा!" शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "शेट, सुभद्रा जन्मायचीय अजून!" पुजारी म्हणाले, "योगमाया असणार." मागून एक बाई ओरडली, "ती गोकुळात यशोदेच्या कुशीत हाये, काठावर कशी येल?" मग एक शहाणे उठले — "यमुना ही यमाची बहीण. तेव्हा..." "यमुना सोताच्याच काठावर उभी राहून सोताच्याच पाण्यात पदर भिजवते व्हय?" मागच्या बाईनं पुन्हा टोकलं. अख्खं देऊळ हसायला लागलं. पंचेचाळीस वर्षं सगळे गात होते, आणि टोपली डोक्यावर घेऊन वसुदेव नदीतून चाललाय, मग ही पोर आली कुठून, असं एकालाही वाटलं नव्हतं!

सगळे हसत होते. बुवा हसत नव्हते. दोन शब्द बदलून हिराजीनं नदी बदलली, बाळ बदललं. पण बहीण बदलायची राहून गेली. दारातून बकुळीचं झाड दिसत होतं. मिल्काबाई तिथून आत बघत होती. रागानं नाही. बापाचं काय होतंय, एवढंच बघत होती.

"तिचं नाव मिर्याम," बुवा म्हणाले.

"कोण?"

"बहीण. मोशेची. नदी यमुना नाही, नील आहे. पाळणा शलोम मास्तर आष्टमकरांचा. मी त्यांच्या मागे झांजेला होतो. स्वप्न-बिप्न काही नाही बाई, मी खोटं बोललो. आत्ताही बोललो."

बाळारामशेट ताडकन उठले. "बुवांना चक्कर येतेय, पाणी आणा!"

"शुद्धीत आहे मी, शेट. आयुष्यात पहिल्यांदा!"

देवकुळेबाई गोंधळल्या. "मग मी हे लिहू कुठं? मंदिर संगीतात, की अल्पसंख्याकांमध्ये? एका गाण्याला एकच रकाना आहे."

"रकाने तुमचे आहेत, बाई. गाणं मास्तरांचं आहे. तेवढं लिहा."

बाईंनी 'अनुकरण' शब्दावर रेघ मारली आणि वर नाव लिहिलं. पूर्ण नाव, गावासकट. बाळारामशेटनी तिथंच जाहीर केलं — तसं असेल तर देवळाला हा पाळणा नको. सभागृह गेलं, पाटी गेली. पुढच्या अष्टमीला दुसरे बुवा आले. गाव हिराजीला बुवा म्हणेनासं झालं.

त्या दिवशी माणसं पांगल्यावर हिराजी बकुळीखाली गेला. हात जोडले. वाटलं, आता ही रडेल, आशीर्वाद देईल. मिल्काबाई म्हणाली, "हिराज्या, चाल चुकतोस तू."

"आं?"

"'बहीण उभी'वर आवाज वर चढवतोस. बाबा तिथं खाली उतरायचे. अरे, लपून उभी आहे ती! लपलेलं माणूस ओरडतं का?"

ज्या जागेवर गावानं पंचेचाळीस वर्षं वाहवा दिली, तीच जागा चुकलेली! हिराजी खाली मातीत बसला. म्हणाला, "शिकव." आणि ती जाईपर्यंत, महिनाभर, रोज तिच्या ओट्यावर जाऊन तो शिकला. उरलेली अकरा कडवी होती, मंडळी. गावाला एकच ठाऊक होतं.

आता तुम्ही डोळे पुसताय. पुसू नका, राहू द्या ओले, उपयोग आहे. परवा पाटलांच्या घरी लग्न झालं. सनई कुणाची होती? नाव सांगा कुणीतरी! — बघा, कुणाला येत नाही. 'सनईवाले', बस्स. चार पिढ्या त्यांच्या सुरावर आपण नवरी मांडवात आणतो, देव उठवतो, आणि भाषणात म्हणतो, आपला वारसा! त्यांची पानं कुठं वाढली? गोठ्याच्या कडेला. पाटील, खाली बघू नका. मीही मांडवात बसून जिलबी खात होतो, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

आज आरतीला तेच वाजवणार आहेत. आत्ता कुठे आहेत? मागे वळून बघा. दाराबाहेर, आपल्या चपलांपाशी बसलेत.

उठा पाटील. मीही येतो. आधी नाव विचारू, मग हाताला धरून आत आणू, इथं, देवासमोर बसवू. आरती तोवर थांबेल.