टिकलीचा फॉर्म

नाही मॅडम, कापलं नाही. फोनवर तुमच्या लॅबमधले म्हणाले, नुसतं डोकं आणलं तरी चालतं, रेबीजसाठी मेंदूच तपासतात — पण मी कुठून कापणार? माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. अख्खीच आणली. बाहेर व्हरांड्यात आहे, तुमचा माणूस म्हणाला तिथंच ठेवा. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वरून गोणपाट, मध्ये बर्फ — आमच्या नाक्यावरच्या मच्छीवाल्या मनूनं दिला, काही विचारलं नाही तिनं. लालबागवरनं परळ म्हणजे काय, चालत यायचं अंतर, पण टॅक्सी केली. डिकीत ठेवली. टॅक्सीवाल्याला म्हटलं सामान आहे.

भरतो ना, फॉर्म भरतो. चौतीस वर्षं पोस्टात काउंटरला काढलीत, एक रकाना रिकामा असला तरी मी लोकांना फॉर्म परत द्यायचो. नाव, जयवंत सावंत. प्राणी — कुत्री. वय सात-आठ धरा. रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. मालक… मालक असं कोणी नाही, चाळीतली आहे. होती. झोपायची माझ्या दारात. माझी बायको लक्ष्मी गेली त्या वर्षी कुठून तरी आली आणि राहिली. तेव्हा मालक लिहायचंच असेल तर माझं नाव लिहितो. मेली आज सकाळी, सहाच्या सुमाराला. परवापासून खात नव्हती. आवाज बसलेला, भुंकायला गेली की नुसतं घोगरं काहीतरी यायचं. दारातलं पायपुसणं चावून चावून खाल्लं. तोंड उघडंच, लाळ गळतेय — मला वाटलं घशात हाड अडकलं, काल दुपारी बोटं घालून बघितली. हो, ह्याच हाताची. हातमोजे कुठले आमच्याकडे. दात लागलाय थोडा, तेवढंच. माझं राहू द्या. पुढं काय आहे — कोणाला चावली का.

चावली. अनुजाला. शेजारच्या शांतावहिनींची मुलगी, वय अठ्ठावीस. रविवारी सकाळी. जिना उतरत होती, टिकली पायरीवर बसलेली, उठली आणि सरळ पोटरी धरली. दोन दात, रक्त आलं. सात वर्षांत कोणाच्या अंगावर गेली नव्हती — तेव्हाच मला कळायला हवं होतं. अनुजा बाळंतपणाला माहेरी आलीय. आठवा लागलाय.

त्याच्या खालचा? तो नंतर भरतो. लस घेतली का — विचारून सांगतो तुम्हाला. रिपोर्ट कधी येतो पण? नाही, म्हणजे समजा निगेटिव्ह आला, तर मग त्या रकान्याला काही अर्थ राहत नाही ना? कळतंय मला. रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, दुसऱ्यांदा सांगताय तुम्ही. मॅडम — नाही घेतली तिनं.

घेणार होती. दवाखान्यात जायला वहिनींनी पिशवीसुद्धा भरली होती. पण पोटात बाळ, इंजेक्शननं त्याला काही झालं तर, म्हणून रडत होती पोरगी. आणि खाली आमचा सेक्रेटरी, राजेश, हातात फोन घेऊन उभा — कुत्री उचलायला गाडी बोलावतो म्हणून. सगळी चाळ गॅलरीत. मी म्हटलं, अरे कशाला, हिला लस दिलेली आहे, दर वर्षी देतो. आत जाऊन कार्ड आणलं, दाखवलं. हे बघा ना, खरं कार्ड आहे, भटक्या कुत्र्यांना लस देणाऱ्या संस्थेचा शिक्का आहे — तारीख ना. हो. तेवीस सालची. दाखवताना तारखेवर अंगठा ठेवला होता मी. पुढच्या वर्षी ती संस्थेची मुलं आली तेव्हा टिकलीला घरात घेतलं आणि आतून कडी लावली. आधी एकदा त्यांनी तिला नसबंदीच्या ऑपरेशनला नेलं होतं, पाच दिवस परत आणली नव्हती, आणली ती खूण म्हणून कानाचा तुकडा कापून. पाच दिवस मी दार उघडं टाकून झोपत होतो. म्हणून मग नाहीच दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

वहिनींनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही हो. म्हणाल्या, भावोजी सांगतायत ना, मग झालं. पिशवी परत खुंटीला. जखमेला हळद लावली. रात्री मला बांगड्याचं कालवण आणून दिलं, लक्ष्मी गेल्यापासून देतात असं काही ना काही. मी जेवलो. सोमवारी सांगणार होतो. मग वाटलं, कुत्रं दहा दिवस नीट राहिलं तर भीती नसते, वाचलं होतं कुठंतरी — रोज उठून आधी तिला बघायचो, शेपूट हलवतेय ना. मंगळवारपर्यंत हलवत होती. बुधवारी पायपुसणं खाल्लंन् तेव्हाच कळलं मला. हाड अडकलं असं वाटलं म्हणालो ना मघाशी — तसं नाही. हाडच असू दे असं वाटत होतं. वहिनींनी विचारलं तर म्हटलं, पोट बिघडलंय तिचं. आजसुद्धा मागच्या जिन्यानं उतरवली तिला.

अजून वेळ गेली नाही म्हणता? आज घेतली तरी चालेल? आणि बाळाला — काही होत नाही. नक्की ना. जखमेत द्यायचं ते दुसरं इंजेक्शनही, बरं, लिहून द्या ह्या कागदावर, माझ्या लक्षात नाही राहणार. नाही, फोन तुम्ही नका करू. तुमच्या तोंडून ऐकायला नको त्यांनी. करतो मी. हा लावला.

वहिनी, जयवंत बोलतोय. परळला आहे. ऐका, अनुजाला घेऊन आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात जा, इंजेक्शनं घ्यायला. टिकली गेली सकाळी. पोट नव्हतं बिघडलं. नाही, रिपोर्ट यायचाय, त्यासाठी थांबू नका, इथल्या मॅडम सांगतायत, बाळाला काही होत नाही. वहिनी, तिला लस दिलेली नव्हती. दोन वर्षं नव्हती. मी खोटं बोललो. हो. हो, तुमच्यासमोरच.

फोन ठेवला नाही त्यांनी. चालूच आहे. अनुजाला चप्पल घाल म्हणतायत… रडतेय कोणीतरी. आता बंद झाला.

लशीच्या रकान्यात काय लिहू — ‘नाही’ लिहितो. सही खाली ना? मी? घेईन मीही, आजच घेईन. नाही, त्या इस्पितळात नको, तिथं त्या दोघी असतील. शीवच्या इस्पितळात जातो, बस मिळेल इथून. आणि रिपोर्ट कळवायला नंबर — तो वहिनींचा घाला, माझा खोडा. मला त्या सांगतील, सांगायचं तर. बोलवा तुम्ही पुढच्यांना, कधीचे उभे आहेत ते.