खिडकीवरची वजाबाकी

हॅलो?

हॅलो… कोण? विमलताई? … अगं मीच, शरयू. आवाज ओळखला नाहीस? … हो, खरखर आहे. परतूरची लाइन अशीच, तुला काय नवीन आहे?

आत्ता कशाला केलास गं? सातनंतर केला असतास तर अर्ध्या दरात झाला असता… बरं बाई, बिल तुझं. बोल.

रविवारी? … हो, लक्षात आहे. भाऊजी गाडी घेऊन येणार, जेवण करून निघणार, अंधार पडायच्या आत औरंगाबाद. … आप्पांची बॅग? भरलीय. मीच भरली. दोन स्वेटर, मफलर, गोळ्या, सगळं. … नाही, नाही, तब्येत ठीक आहे. उलट… ऐक ना, मीच तुला फोन करणार होते. तू केलास ते बरं झालं.

ताई, मला वाटतं त्यांना नेऊ नये.

हॅलो? … आहेस ना?

अगं आधी ऐक तरी. … हो, मीच म्हणाले होते. तेराव्याला मीच म्हणाले, आई नाही तर आप्पा इथं एकटे राहू शकणार नाहीत. … हो. खोली रंगवलीस ते माहीत आहे मला. पलंग घेतलास, खर्चा झाला, तेही माहीत आहे. … नाही गं, तुझ्या खोलीत काय वाईट आहे? इथं सोमवारी एक गोष्ट झाली, ती सांगते. मग तू म्हणशील तसं.

आई संध्याकाळी ओट्यावर पोरं घेऊन बसायची ना… हां, तीच. स्टेशनमागच्या गल्लीतली, पहिली-दुसरीची. सरकारनं तिला रिटायर केलं, पोरांनी कुठं केलं? मला वाटलं, आता कोण येतंय. पण येत राहिली, ताई. बोलवायला कुणी नाही, शिकवायला कुणी नाही. पाट्या घेऊन यायची, आईनं लावून दिलेला बाजार-बाजार खेळायची, अंधारून आलं की घरी. शेजारची कांताबाई म्हणाली, "बाई गेल्या म्हणून ओटा गेला का?"

… आप्पा? आप्पा खिडकी लावून आत. भिंतीकडे तोंड. तीन महिने तेच, तू बघितलंयसच. तुझा फोन आला तरी हातानंच नको म्हणायचे.

हं, तर सोमवारी. मी आत भाकरी टाकत होते. बाहेर एकदम कालवा. कांताबाईची नात आहे ना, द्वारका… अगं कांताबाई, आपल्या शेजारची. स्टेशनसमोर लिंबं घेऊन बसते… बराबर, तीच, मोठ्या कुंकवाची. तिची ही नात दुसरीत आहे. ती घरून दहा लिंबं घेऊन आली खेळायला. चार विकली. आता उरली किती? तर म्हणते, पाच.

सगळी पोरं ओरडायला लागली, सहा, सहा! ही आपली एकच… पाच.

आणि ताई, खाडकन खिडकी उघडली.

… हो, आप्पांनी! बनियनवर, दाढी ही एवढी वाढलेली. "दहातून चार गेले तर सहा उरतात! कोण म्हणतं पाच?" मी भाकरी तव्यावर तशीच सोडून पळत आले.

द्वारका काही घाबरली नाही. ओचा पुढं केला. खरंच पाच लिंबं. आप्पा म्हणाले, "मग एक कुठं गेलं?" ती म्हणते, "वर दिलं."

… अगं वर! चार लिंबं घेतली की एक वर. आपण भाजी घेतल्यावर कोथिंबिरीच्या दोन काड्या पिशवीत टाकतात, तसं. कांताबाई देतेच ना, न मागता. पोरीनं जन्मापासून तेच बघितलंय.

आता हे आप्पांना कसं चालावं? उभा जन्म स्टेशनच्या तिकीट खिडकीवर काढलेला माणूस. गल्ल्यात रुपया कमी आला तर पगारातून भरायचा. आठवतं? चपला काढायच्या आतच आई चेहऱ्यावरून ओळखायची, आज हिशोब जुळला का नाही. … हो, आणि नसला जुळला की आपण दोघी गुपचूप पुस्तक काढून बसायचो.

तर असे चिडले! "गणितात वर-बिर काही नसतं! असं फुकट वाटत बसलीस तर धंदा बुडेल!" ती म्हणते, "अन् न्हाई दिलं तर गिऱ्हाईक परत कशाला येईल?"

हस, हस. मला तेव्हा हसू आलं नाही. आप्पांनी खिडकी लावून घेतली ना.

मला वाटलं, झालं. एवढ्या दिवसांनी माणसानं खिडकी उघडली आणि ती ही अशी. आत जाऊन बघते तर खिडकीपाशीच उभे. कडीवर हात. … नाही, रडत नव्हते. ओठ हलत होते. रोकड मोजताना हलायचे ना, तसे.

मग परत उघडली. हळू. इतक्या हळू आवाजात विचारलं, मला आतून जेमतेम ऐकू आलं. "हे असं तुला कुणी शिकवलं?"

द्वारका म्हणाली, "बाईंनी. मी गणितात रोज चुकायचे. मंग बाई म्हणाल्या, वर द्यायचं एक आधीच बाजूला काढून ठेव. ते आपलं न्हाईच, गिऱ्हाइकाचं. मंग राहिलेल्यात वजाबाकी कर."

…

ताई? … हो. आईच. दुसरं कोण असं सांगणार.

… नाही गं, मी ठीक आहे. थांब जरा… हं. बोलते.

आप्पांनी हिशोब केला. दहातलं एक बाजूला, राहिले नऊ. नऊतून चार, पाच. बोटांवर केला, परत एकदा केला. मग म्हणाले, "बराबर आहे. जुळतं." एवढंच. जरा वेळानं वरून म्हणतात, "पण पाटीवर ते बाजूचं एक मांडून दाखवायचं. न्हाई तर तपासणीवाला धरील."

हो ना! दुसरीतल्या पोरीला तपासणीवाला! त्या संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. त्यातली एक तव्यावर जळलेली, पण बोलले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी? चार वाजताच दाढी. इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, चला, ओट्यावर सतरंजी टाकते. तर नाही. खुर्ची ओढली खिडकीशी. आत आप्पा, बाहेर पोरं रांगेत. एकानं गजांतून हात घालायचा, झालं की आप्पा ओरडणार, "पुढचा!" … अगं शपथ! मी म्हटलं, आप्पा, हे काय? म्हणाले, "मला काही तुझ्या आईसारखं मांडी घालून शिकवता येत नाही. मला खिडकी येते."

… कसं म्हणजे? पोरं घरून काहीतरी आणतात. मेथीची जुडी, चार वांगी, कुणी दोन अंडी. आप्पा विकत घेतात. आईनं खेळासाठी कापलेले ते पुठ्ठ्याचे पैसे नीट बांधून ठेवले, म्हणाले, "याला वजन न्हाई." स्वतःच्या डब्यातली खरी चिल्लर काढली. प्रत्येकाला आधी थोडी गल्ल्याला द्यायची. मग सात रुपयांचा माल झाला की आप्पा दहाची नोट देणार आणि पोरानं राहिलेले परत करायचे. पण वजाबाकी करायची नाही! सात नुसतं तोंडानं म्हणायचं, मग खिडकीच्या लाकडावर एकेक नाणं ठेवत जायचं… आठ, नऊ, दहा. पोचलो दहाला. जेवढी नाणी ठेवली तेवढे परत. म्हणतात, "गाडी फलाटाला लागलेली, रांग दारापर्यंत. तिथं हातचे घेत बसलो असतो तर गाडी गेल्ती निघून."

… हो, बेरीजच ती. पण उत्तर वजाबाकीचं. पोरांना वाटतं, आप्पांनी काहीतरी चोरवाट दाखवली. जल्दी जल्दी करतात.

आणि गंमत ऐक. संपत म्हणून एक आहे त्यांच्यात, पहिलीतला. त्याला विचारलं, चार आणे अन् आठ आणे किती? म्हणाला, बारा आणे. शाब्बास, लिही. त्यानं पाटीवर लिहिलं, बारा पैसे. आप्पा म्हणाले, "अरे, चार आणे म्हणजे पंचवीस पैसे. आठ आणे म्हणजे पन्नास." तर संपत कमरेवर हात ठेवून म्हणतो, "चार म्हणायचं अन् पंचवीस लिहायचं? तुमी आधी तुमचं ठरवा, मंग मला बोलवा."

आप्पा हसले, ताई. चांगलं आवाज करून. मी स्वयंपाकघरात होते, मला आधी कळेचना कोण आलंय घरात.

…

हं. … हो, बोल ना. ऐकते आहे.

जेवणाचं? तेच तर सांगते. पोरांकडून घेतली ती मेथी, तीच संध्याकाळची भाजी. पिठलं येतं त्यांना, वरण येतं. भाकरी कांताबाई थापून देणार. महिन्याचं ठरवलंय दोघांनी, चांगली घासाघीस करून. कांताबाईच मला म्हणाली, "मालक आता भांडून राह्यले, म्हणजे बरे झाले."

… रात्री काही झालं तर? भिंतीला भिंत आहे तिची. हाक मारली की येते. … रजा? माझी सोमवारी संपते, हो. पण माझं जालना काय लांब आहे? गाडीनं तासाभराचा रस्ता. दर शनिवारी येईन. … बीपीची गोळी? ती आता द्वारकाच्या ताब्यात आहे! अगं खरंच. पट्टीत दहा होत्या, आज एक घेतली, किती उरल्या, ती रोज खिडकीवर मोजून घेते. परवा विसरले तर सगळ्या रांगेसमोर बोलली त्यांना.

लोक? … लोक म्हणणारच. दोन पोरी असून म्हातारा एकटा. इथं ठेवले तरी म्हणतील, नेले तरी म्हणतील घरदार सोडायला लावलं. त्यांच्या तोंडाला आपण कुठं पुरणार.

… असं नको ना बोलू. परकी कशी असशील? … नाही, मी एकटीनं काही ठरवलेलं नाही. ठरवलं असतं तर तुला आधी विचारत बसले असते का? … शिकवून? मी आप्पांना शिकवून ठेवीन? ताई, त्यांना आजवर कुणी काही शिकवू शकलंय का?

…

ताई, ऐक. रडू नकोस. … मला माहीत आहे. आईच्या वेळी तुझी गाडी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. तुला आता तसं नको आहे. ते डोळ्यांसमोर हवेत तुला, रोज, हाताशी. … कळतं गं. मला कळत नसतं तर मी ती बॅग कशाला भरली असती?

पण तुझ्याकडे आले तर ते तुझ्या खोलीतल्या भिंतीकडे बघत बसतील. रंगवलेली असेल, एवढंच. … कठोर नाही गं. जे बघितलं ते सांगते.

…

काय? … त्यांनी स्वतः सांगितलं तर? … म्हणजे त्यांनी आपल्या तोंडानं म्हटलं, मला यायचं नाही, तर ऐकशील? … वचन? … आत्ता? अगं पण ते फोनवर येत नाहीत, तुला ठाऊक आहे. सोमवारनंतरही नाही. … नाही, जायचं का ते मी त्यांना विचारलं नाही. हिंमत झाली नाही म्हण.

बरं. बरं, विचारते. धरून ठेव. ठेवून देऊ नकोस हं.

आप्पा! … आप्पा, विमलताई आहे फोनवर! तुम्हाला विचारते आहे!

…

हं, ताई. … हो, पोरांचाच आवाज. भरपूर आहेत आज, बाजारचा दिवस ना. ते म्हणतात, थांब म्हणावं, एकाचे पैसे मोजणं चाललंय. … चिडतेस काय? मध्येच उठलं की मोजणी चुकते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. लग्नाच्या आधी तूच ओरडा खाल्ला होतास त्यावरून. … हो, तेच! पाहुणे दारात आणि हे नाणी मोजतायत!

थांब… उठले वाटतं. खिडकीचं दार लावलं. पोरं बाहेरून बोंबलतायत. "पाच मिनिटं बंद," म्हणाले.

आप्पा, ती विचारते, रविवारी… हो. हो, तेच. भाऊजी येणार आहेत न्यायला. तुम्ही काय ते तुमच्या तोंडानं…

…

ताई, ते म्हणतात, रविवारी दोघंही जेवायला या. … थांब, थांब, पुढं आहे अजून. खोली रंगवली ते चांगलं केलं म्हणतात. मे महिन्यात येतो. महिनाभर राहतो. … अगं मे महिन्यात, पोरांना सुट्टी लागल्यावर. "शाळा चालू असताना कसं निघता येईल," म्हणतात.

मी नाही गं पढवलं! त्यांचे शब्द आहेत, जसेच्या तसे. … तू बोल मग त्यांच्याशी… अगं मी कसं सांगू, येतील का…

ताई, थांब. बोलू नकोस जरा.

इकडेच येतायत. हात पुढं केलाय.

घ्या, आप्पा. इकडून, हं, असा कानाला लावा. ऐकते आहे ती. तुम्ही बोला सावकाश, पोरांना मी बघते.