रांगेची वही

प्रवेशअर्जाच्या रांगेत माझ्यापुढे एक लिफ्ट मेकॅनिक आणि त्यांची लेक उभी होती.

“अर्ध्या तासात चार पावलं सरकलोय. तेवढ्यात ठरव तरी, इंजिनिअरिंग की आर्किटेक्चर?”

“आर्किटेक्चर. ठरलंय, बाबा.”

“थीम पार्क करायचंय म्हणतेस, आणि या वहीत एक पाळणा नाही! नुसत्या रांगा काढल्यास.”

“पाळणा तीन मिनिटांचा, रांग तासाची. पाळणे इंजिनिअर करतील, मला रांग करायचीय.”

“मुलाखतीत विचारतील, रांगेत करण्यासारखं काय असतं?”

“हीच बघा ना. खिडकी कोपऱ्याआड, म्हणून सगळे माना वाकड्या करून उभे. मी रांग उलटी वळवली असती.”

“हं. आम्ही लिफ्टमध्ये आरसा लावतो, तसंच की. लोक केस नीट करत बसतात, मग लिफ्ट हळू चालते म्हणून कुणी ओरडत नाही.”

“पहिलं पान उघडा.”

“‘बाबांचा आरसा’... रांगेच्या कोपऱ्यावर! हे कधी काढलंस गं?”

“आधीपासूनच आहे. तुम्ही नुसते पाळणे शोधत होतात.”

“तरी कोपऱ्यावरची ही बाई चुकलीय. आरशासमोर कुणी एवढं सरळ उभं राहतं का? पेन्सिल दे.”

“पुढचे कोण?” खिडकीतून आवाज आला.

“आँ? इतक्यात आला नंबर?”