कोपराची पट्टी

फुलंब्रीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या.

“आत डॉक्टर काय म्हणले, करुणा?”

“स्कूटीवरून पडले तवा मेंदूला धक्का बसला. स्कॅनमध्ये काही दिसत नाय, पण डोकं दुखंल, थकवा राहील. आराम करा म्हणाले.”

“स्कॅनमध्ये काही दिसत नाय, हे तुझ्या जावंला सांगू नको. उद्याच भाकरी थापायला बसवंल.”

“बसते. पण परातीच्या आवाजानंबी डोकं लई ठणकतं, आत्याबाई.”

“कोपराला पट्टी होती तवर ती तुला हातात चहा देत होती. मेडिकलातून नवी पट्टी घेतलीय मी. हात इकडं कर.”

“कोपर तर कवाच बरं झालं.”

“डोकं बरं होईस्तोवर दुखू दे त्याला.”