बाज आवळली

शिरूरच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक आत्या आणि काळा गॉगल लावलेली तिची भाची बसल्या होत्या. पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून दोघी घरी निघालेल्या.

"गौतमे, डोळ्यात घातलं तरी काय?"

"पिवळं थेंब, आत्या. जीवनसत्त्वाचं. वरनं अर्धा तास निळा उजेड."

"निळा? मग आपल्यातलाच दिसतोय डॉक्टर. जय भीम घातलास का त्याला?"

"अगं, मशीनचा उजेडच निळा असतो! बुबुळाचं धागं सैल पडून ते फुगत चाललं हुतं. त्या उजेडानं धागं एकमेकांत घट्ट गुंतत्यात."

"बाजंची दोरी आवळतो तसं?"

"अगदी तसंच."

"म्हंजी आता लांबचं दिसंल?"

"न्हाई. हाय तेवढंच दिसंल. पण आणखी कमी व्हायचं थांबंल."

"खरंय. आवळून बाज नवी व्हत न्हाई, पण माणूस भुईला टेकत न्हाई."

"फकस्त डोळं चोळायचं न्हाई म्हणला. कधीच."

शिक्रापूरजवळ मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आत्या, आता तू कशाला डोळं चोळतीस?"

"मला कुठं बंदी केलीय डॉक्टरनं?"