बांगडीवालीचे मोकळे हात

आता तुमीच सांगा, हात दुखते तर कोणी गळा पाह्यते का? मी कमरजहाँ, बांगडीवाली. मार्कंड्याच्या जत्रंत अर्ध्या जिल्ह्याच्या बायांची मनगटं माह्या हातात, नुसती मूठ दाबली का माप कळते मले, आन् औंदा माह्याच बोटाईले मुंग्या! एका नवरीच्या हातात बांगडी चढवता चढवता कटकन फुटली... सासू ओरडली, 'अपशकुन केला वो!' जत्रा तोंडावर, हातच गेला तं खाऊ काय? लय भेव वाटलं.

मले वाटलं, माह्या सोताच्या बांगड्याच रुतून राह्यल्या. हात हा असा फुगलेला! साबण लावली, तेल लावलं, निघतीन तं शप्पथ! उंबऱ्यावर बसली आन् फोडल्या. बस्स! शेजारच्या बायनाबाईनं मोकळे हात पाह्यले आन् जो गळा काढला... 'अवो कमरबाई, कसं झालं वो? काल तं तुमचे मालक पानठेल्यावर बसले होते!' गल्ली गोळा झाली, बाया माह्या गळ्यात पडून रडून राह्यल्या, मी म्हनतो 'अवो, नाई वो,' पन आयकते कोन? तेवढ्यात आतून माहा नवरा गुलाम रसूल, हातात लोटा, 'अरे, कौन मर गया?'

पाहा! हात दुखते, आन् गळा धरते सारे!

मंग गेली गडचिरोलीले. नवा जिल्हा, नवा दवाखाना, डॉक्टर पुन्याकडचा पोरगा. मनगटावर टकटक केलं, आन् सरळ गळाच चाचपला! 'थंडी वाजते? झोप फार येते? आवाज कधीपासून घोगरा?' मी म्हटलं, बापू, दुखते हात, तू गळा काऊन पाह्यतं? तं म्हने, 'बाई, गळ्यातली ग्रंथी सुस्त पडली की अंगात सूज धरते. मनगटातली वाट आधीच अरुंद, तिथं नस चेपते.' रक्त यष्टीनं नागपूरले गेलं, आन् निघालं खरंच! रोज उपाशीपोटी गोळी, आन् सूज उतरेपर्यंत हातात बांगडी नाई.

बोटं जरा वळाले लागली, जत्रंत दुकान मांडलं, पन मोकळ्या हाताच्या बांगडीवालीपुढं हात कोन करन? बाया येते, माही मनगटं पाह्यते, पदर सावरून पुढं जाते... शेवटी गुलाम रसूललेच दुकानापुढं स्टुलावर बसवलं. कोनी थबकली का मी बोट दाखवतो, 'तो पाहा, जित्ता आहे!' तोही बिचारा हात हलवते. काय करता... गळा बिगडला माहा, मुंग्या हाताले, आन् जत्राभर जित्तं राह्याची ड्युटी गुलाम रसूलची!