काचेच्या कडेवरची पेन्सिल

मी, कारखान्यात सगळे काजळबाई म्हणायचे ती, वय ६७ वर्षे, धंदा घरकाम, पूर्वी भिंगांच्या कारखान्यात रंगकाम, राहणार कारखान्यामागची गल्ली, खोली नंबर चार, पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की,

सकाळपासून आपण बाकावर बसवलेला कॅमेरा दुरुस्तीवाला माझा सख्खा भाचा आहे. गिऱ्हाईकाची तक्रार अशी की, त्याने जुन्या कॅमेऱ्याचं अस्सल भिंग काढून नवं, हलकं बसवलं. पुरावा काय, तर भिंग फार स्वच्छ दिसतं. भिंगावर धरलेली बुरशी पुसल्यावर काच स्वच्छ दिसणार नाही तर काय? हे वाक्य साहेब गाळत होते, मी लिहायला लावलं.

हे भिंग आमच्याच कारखान्यातलं. तिथे आमचे हे काच घासून पॉलिश करत आणि मी तिच्या कडेला काळा रंग लावत असे, म्हणजे आत उजेड उसळत नाही. ह्यांचा स्वभाव घुमा. समोर आले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण काच माझ्या टेबलावर पाठवताना कडेवर पेन्सिलीने बारीक लिहायचे, "आज रागावलीस का", असलं काही. मी वाचायचे आणि वरून रंग फासायचे. नियमाविरुद्ध होतं. दीड वर्षाने लग्न झालं.

आज ह्यांना म्हटलं, चला, आपली काच ओळखून द्या, पोर अडकलंय. म्हणाले, "मला काही आठवत नाही." आठवतं सगळं, लाज वाटते. म्हणून मी एकटी आले.

दुपारी दोन वाजता साहेब आणि गिऱ्हाईक यांच्यासमोर मी स्पिरिटच्या बोळ्याने कडेचा रंग पुसला. खाली ह्यांच्या अक्षरात निघालं : "तीन दिवस झाले. ताप उतरला का? करमत नाही." भिंग जुनंच आहे हे पटून गिऱ्हाईकाने तक्रार मागे घेतली. भाच्याला आता घरी सोडावं, तो उपाशी आहे. कडेला रंग पुन्हा मीच लावून देईन.

हा मजकूर मी आज पहिल्यांदा वाचला. त्या आठवड्यात मी तापाने घरी होते. माझ्या जागी आलेल्या बाईने न बघता रंग मारला असणार. तापात ह्यांनी साधी चौकशी केली नाही, असं मी बेचाळीस वर्षं ऐकवते आहे. ते मान खाली घालून ऐकून घेतात. माझं ते बोलणं चूक होतं, असं इथे नमूद करावं.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचून घेतला. त्याची एक प्रत मला द्यावी. तोंडाने मला सांगता येणार नाही, ह्यांच्या ताटाशेजारी ठेवीन.